सुताराचं दुकान, लंडन, १८५०



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत होते. म्हणून असेल, संयोजकांनी मला विषय सुचवला नाही, फक्त अट घातली, की एका संध्याकाळी एकच चित्र. दीड तासात पाश्चात्त्य कलेचा इतिहास गुंडाळण्याची आपल्याकडे जी हौस आहे, ती पाहता ही अट मला फार शहाणपणाची वाटली. मी निवडलेलं चित्र आता पडद्यावर आहे. जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराचं ‘ख्राइस्ट इन द हाउस ऑफ हिज पेरेंट्स’, म्हणजे आईबापांच्या घरातला येशू. चित्र लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे. उंची साधारण ८६ सेंटिमीटर, रुंदी १४०. म्हणजे पडद्यावर दिसतंय त्यापेक्षा पुष्कळच लहान. एवढ्याशा चित्रानं १८५० साली लंडनमध्ये जो गहजब उडवला, तो आज आपल्याला जवळजवळ अनाकलनीय वाटतो. आजचं व्याख्यान त्या गहजबाबद्दलच आहे. लोक नेमके कशावर चिडले होते? मला जे उत्तर दिसतं ते मी आधीच सांगून टाकतो. देव गरीब असायला त्यांची हरकत नव्हती. गरिबीचं गोडगोड चित्र सगळ्यांनाच चालतं. देवाच्या घरात रोजचं काम चालतं, त्या कामानं अंगं घडतात आणि बिघडतात, हे त्यांना पाहवेना.

आधी चित्र नीट पाहू. मधोमध आडवं, लांबलचक कामाचं मेज. मेजाच्या अलीकडे आठ-दहा वर्षांचा मुलगा उभा आहे, अंगात फिकट पांढरा झगा, केस लालसर. त्याच्या तळहाताला खिळा लागलाय. हात त्यानं वर धरलाय आणि रक्ताचा थेंब खाली पायावर पडलाय. शेजारी त्याची आई गुडघ्यावर बसलीय. निळे कपडे, डोक्याला पांढरं फडकं, आणि कपाळावर अशा आठ्या की बघणाऱ्यालाच कसंतरी व्हावं. तिनं गाल पुढे केलाय आणि मुलगा तिची समजूत घालतोय. दुखलंय त्याला, रडवेली झालीय ती. मेजाच्या उजव्या टोकाशी योसेफ वाकलाय. टक्कल, उघडे दंड, दंडांवर टरारलेल्या शिरा. मेजामागून मरीयेची म्हातारी आई, अॅना, पक्कड घेऊन तो खिळा उपसायच्या बेतात आहे. उजवीकडून आणखी एक मुलगा येतोय, कमरेला जनावराचं कातडं, हातात पाण्याचं भांडं. पाणी सांडू नये म्हणून त्याची नजर भांड्यावरच खिळलीय. हा पुढे बाप्तिस्मा देणारा योहान. डाव्या बाजूला मेजावर ओणवलेला एक कामकरी माणूस. त्याला कुणी नाव दिलेलं नाही. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

जमीन पाहा. रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या गुंडाळ्या सगळीकडे पसरल्यात आणि त्यांच्यातूनच सगळ्यांचे अनवाणी पाय. मागच्या भिंतीला शिडी टेकलीय, शिडीवर कबूतर बसलंय. भिंतीवर हत्यारं टांगलीत, त्यात त्रिकोणी गुण्या. डाव्या हाताच्या दारातून बाहेर कुडाच्या कुंपणामागे दाटीनं उभी मेंढरं, सगळी इकडेच बघताहेत.

आता यातला घोळ असा, की हा प्रसंग बायबलमध्ये नाही. येशूच्या बालपणाबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. लूकनं बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांशी बोलत बसला, तेवढी एक हकिकत दिलीय. जन्म आणि इजिप्तला पळून जाणं सोडलं, तर पुढची सगळी वर्षं रिकामी. सुतारकामाचा उल्लेख येतो तोही गावकऱ्यांच्या नाक मुरडण्यात. मार्कच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक म्हणतात की हा तर सुतार, याला एवढं ज्ञान कुठून आलं? मत्तयमध्ये तेच लोक ‘सुताराचा मुलगा’ म्हणतात. म्हणजे येशूचा धंदा ग्रंथात आला तो हिणवण्यासाठी. अॅनाचं तर नावही चार शुभवर्तमानांत नाही, ती परंपरेतून आलेली. येशू आणि योहान लहानपणी एकत्र खेळत होते हेही परंपरेचंच, इटलीतल्या चित्रकारांनी रूढ केलेलं.

मग मिलेनं हा प्रसंग आणला कुठून? त्याचा मित्र होल्मन हंट यानं नंतर लिहिलंय की १८४९च्या उन्हाळ्यात मिलेनं ऑक्सफर्डला एक प्रवचन ऐकलं होतं, त्यातून कल्पना सुचली. प्रवचनाचा आधार होता जुन्या करारातल्या जखऱ्याच्या पुस्तकातलं एक वचन. कुणीतरी एकाला विचारतं, तुझ्या हातांवर या जखमा कसल्या? तो सांगतो, माझ्या मित्रांच्या घरात झाल्या. १८५०च्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत चित्राला नावच नव्हतं, एवढं वचन छापलं होतं. ‘सुताराचं दुकान’ हे नाव लोकांनी ठेवलं, काहीसं चेष्टेनं.

जुन्या करारातली प्रत्येक गोष्ट नव्या करारात घडणाऱ्या गोष्टीची आगाऊ सूचना असते, असं मानायची ख्रिस्ती भाष्यपद्धती फार जुनी आहे. मिलेनं ती पद्धत एका दुकानातल्या सामानाला लावली. तळहाताची जखम आणि पायावरचा थेंब म्हणजे पुढचा क्रूस. पक्कड आणि खिळे तेच सांगतात. शिडी मृतदेह उतरवण्याची, कबूतर पवित्र आत्म्याचं, त्रिकोणी गुण्या त्र्यैक्याचा, पाण्याचं भांडं बाप्तिस्म्याचं, मेंढरं कळपाची. काही अभ्यासक तर कामाच्या मेजाला वेदी मानतात आणि कुंपणापलीकडच्या मेंढरांना देवळात बसलेली मंडळी. ते मला पटण्याजोगं वाटतं, कारण त्या वर्षी इंग्लंडच्या चर्चमध्ये वेदी आणि जनता यांच्यातल्या अंतरावरून खरंच भांडणं चालली होती.

पण मला विचाराल तर चित्रातला हा भाग सगळ्यात कच्चा आहे. वीस वर्षांच्या हुशार मुलानं अभ्यास करून आणलाय आणि प्रत्येक उत्तर वहीत लिहिलंच पाहिजे असा त्याचा हट्ट आहे. शिडी, कबूतर, गुण्या असं एकेक टिपून झालं की डोळा थकतो. या चिन्हांनी चित्र उभं राहत नाही. ते उभं राहतं योसेफच्या दंडावरच्या शिरांवर, पायांच्या मळक्या नखांवर, मरीयेच्या कपाळावर. मुलाला लागलं की बाईच्या चेहऱ्यावर जो प्राण कंठाशी आल्याचा भाव येतो, तो देखणा नसतो. मिलेनं तो देखणा केला नाही.

हे त्यानं कसं साधलं याची हकिकत त्याच्या मुलानं १८९९ साली लिहिलेल्या चरित्रात आहे. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एक खरं सुताराचं दुकान होतं. मिले तिथे मुक्काम ठोकून राहिला. मेज, हत्यारं, लाकडाच्या गुंडाळ्या, सगळं तिथलं. योसेफचं डोकं मिलेच्या वडिलांचं आहे. वडील सुखवस्तू, त्यांच्या हातांनी कधी रंधा मारला नव्हता. म्हणून धड आणि दंड मात्र एका सुताराचे घेतले, कारण वर्षानुवर्षं त्या कामानं स्नायू जसे फुगतात, तसे दुसऱ्या कुणाचे फुगत नाहीत. मरीयेसाठी त्याच्या सावत्र भावाची बायको बसली. मेंढरांचा कळप लंडनमध्ये कुठून मिळणार? खाटकाकडून दोन मुंडकी आणली आणि त्यांवरून सगळा कळप रंगवला. कुंपणावरून नुसती तोंडं का दिसतात याचा उलगडा त्यातून होतो!

वडिलांचं डोकं आणि सुताराचं धड, यात मला त्या सबंध काळाची कहाणी दिसते. विचार करायला मध्यमवर्गीय कपाळ आणि काम करायला मजुराचे हात. जोड इतकी सफाईची आहे की सांगितल्याशिवाय कळत नाही. पण १८५०च्या प्रेक्षकाची नजर दंडावरच अडकली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, लांबवत नाही. १८४८च्या सप्टेंबरात गॉवर स्ट्रीटवरच्या मिलेच्या घरी सात तरुणांनी ‘प्री-रॅफेलाइट ब्रदरहुड’ नावाची मंडळी काढली. रॅफेलनंतर चित्रकला साच्यात अडकली, तेव्हा त्याच्या आधीच्या चित्रकारांसारखं डोळे उघडे ठेवून रंगवावं, हा त्यांचा आग्रह. चित्रावर ते सहीबरोबर ‘पी. आर. बी.’ अशी तीन अक्षरं घालत. १८५०च्या वसंतात या अक्षरांचा अर्थ वर्तमानपत्रातून फुटला. तोवर गमतीदार वाटणारी ही पोरं एकदम कारस्थानी दिसू लागली. ‘बंधुमंडळ’ म्हटल्यावर मठ आला, मठ म्हटला की रोम आलं. १८४५ साली न्यूमनसारखा ऑक्सफर्डचा मोठा विद्वान कॅथलिक झाला होता. मार्च १८५०मध्ये बाप्तिस्म्याचा नेमका अर्थ काय यावरचा गोरहॅम खटला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीसमोर निकालात निघाला होता. अशा हवेत शुभवर्तमानांत नसलेली अॅना, पाण्याचं भांडं आणि जखमेची पूजा घेऊन हे चित्र ट्रॅफल्गर चौकातल्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात टांगलं गेलं. प्रॉटेस्टंट समीक्षकांचे कान टवकारले यात नवल नाही.

तरीही समीक्षा वाचली तर धर्मतत्त्वाचा मुद्दा कुठल्या कुठे राहतो. ‘टाइम्स’च्या टीकाकाराला किळस आली ती घाणीची, दैन्याची, रोगटपणाची, आणि ती इतक्या तपशिलानं रंगवल्याची. बाकीच्यांनीही हाच सूर लावला. या सगळ्यांत जो लेख आजही लोकांना आठवतो तो चार्ल्स डिकन्सचा.

डिकन्स तेव्हा अडतीस वर्षांचा, कीर्तीच्या शिखरावर. ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ हे त्याचं साप्ताहिक नुकतंच मार्चअखेर सुरू झालं होतं. १५ जूनच्या अंकात त्यानं ‘ओल्ड लॅम्प्स फॉर न्यू वन्स’ हा लेख लिहिला. त्याच्या दृष्टीनं मधला मुलगा म्हणजे वाकड्या मानेचं, रडकं, लाल डोक्याचं गल्लीतलं पोर. मरीया इतकी कुरूप, की हलक्यातल्या हलक्या दारूच्या गुत्त्यातही उठून दिसावी. सुतार म्हणजे धर्मार्थ इस्पितळात भरती होणारे, टरारलेल्या शिरांचे, मळकट दारुडे. मग तो मंडळींच्या नावाची खिल्ली उडवतो. उद्या न्यूटनच्या आधीच्यांची मंडळी निघेल आणि गुरुत्वाकर्षण नाकारेल, हार्वेच्या आधीच्यांची निघेल आणि रक्ताभिसरण बंद करील, गॅलिलिओच्या आधीच्यांची पृथ्वीला सूर्याभोवती फिरू देणार नाही. लेख विलक्षण विनोदी आहे. वाचताना हसू येतं आणि हसल्याची थोडी लाजही वाटते.

डिकन्सला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण मी ते करणार नाही. त्याचा एक मुद्दा खरा होता. शतकभराच्या प्रगतीवर विश्वास असलेल्या माणसाला मध्ययुगाकडे तोंड करून उभे राहिलेले तरुण धोक्याचे वाटले, तर त्यात गैर काय? आपल्याकडेही ‘पूर्वीचं तेच खरं’ म्हणणाऱ्यांची भीती बाळगणारे लोक शहाणेच होते. पण मग प्रश्न उरतो. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ लिहिणारा, लंडनच्या गल्ल्यांतली उपाशी पोरं इंग्रजी वाचकाच्या दिवाणखान्यात आणून बसवणारा हा माणूस. सुताराच्या दंडावरच्या शिरा पाहून त्यालाच एवढी शिसारी का यावी?

एक हकिकत सांगतो. १८२४ साली डिकन्सचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि त्याच सुमारास बारा वर्षांच्या चार्ल्सला हंगरफर्ड स्टेअर्सजवळच्या बुटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लावलं. तो पॉलिशच्या बरण्यांवर लेबलं चिकटवत असे. ही गोष्ट त्यानं आपल्या मुलांनाही सांगितली नाही. त्याच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टरनं त्याचं चरित्र छापायला सुरुवात केली, तेव्हा जगाला ती कळली. १८५०मध्ये तो जी कादंबरी लिहीत होता ती ‘डेव्हिड कॉपरफील्ड’. तिच्यात हा कारखाना नाव बदलून, लेबलांसकट आलाय. ज्या प्रदर्शनात मिलेचं चित्र टांगलं होतं तिथून हंगरफर्डचा तो धक्का पायी काही मिनिटांवर. कामाच्या जागी हात दुखावलेला लहान मुलगा. या मुलाकडे पाहून डिकन्सला काय वाटलं असेल? मी हे कारण म्हणून मांडत नाही. तसं सिद्ध करता येणार नाही आणि लेखकाच्या लहानपणात घुसून त्याच्या प्रत्येक मताची मुळं खणून काढायचा धंदा मला आवडतही नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

तिसरी गोष्टही ठेवतो. १८४६ ते १८४९ या वर्षांत डिकन्सनं केवळ आपल्या मुलांसाठी येशूचं एक छोटं चरित्र लिहिलं होतं. त्यानं ते कधी छापू दिलं नाही. ते प्रसिद्ध झालं १९३४ साली. त्यातला येशू प्रेमळ, क्षमाशील, गरिबांचा कैवारी आहे. म्हणजे गरिबांचा मित्र असलेला येशू डिकन्सला मनापासून हवा होता. गरिबांचा मित्र आणि स्वतःच मजुराच्या घरातला, घामट, टोचलेल्या हाताचा मुलगा, यांत केवढं अंतर पडतं! पहिला वरून खाली वाकतो. दुसऱ्याला वाकायची गरज नाही, तो तिथेच उभा आहे. कैवाऱ्यावर दया दाखवायची वेळ आपल्यावर येत नाही. या मुलावर ती येते, आणि देवावर दया करणं बऱ्याच भक्तांना जमत नाही.

गहजबाची बातमी राणीपर्यंत पोचली. व्हिक्टोरियानं चित्र प्रदर्शनातून मागवून घेऊन पाहिलं. मिलेनं हंटला पत्रातून थट्टेनं कळवलं की राणीच्या मनावर याचा काही वाईट परिणाम न होवो. चित्र मात्र प्रदर्शनाच्या आधीच फॅरर नावाच्या दलालानं १५० पौंडांना घेतलं होतं, तेव्हा टीकेनं मिलेचं पोट मारलं असं नाही. त्याच वसंतात मंडळींतल्याच रोझेटीनं मरीयेला देवदूताचा निरोप मिळतो तो प्रसंग दुसऱ्या एका प्रदर्शनात मांडला होता. त्याच्यावरही दगड पडले, आणि तो इतका दुखावला की पुढे सार्वजनिक प्रदर्शनांपासून जवळजवळ दूरच राहिला. मिलेची कातडी जाड होती. अकॅडमीतच त्या दिवसांत विल्यम डाइस या चित्रकारानं कलासमीक्षक जॉन रस्किनला ओढून नेऊन हे चित्र दाखवलं. पुढच्या वर्षी, मे १८५१मध्ये, रस्किननं ‘टाइम्स’ला दोन पत्रं लिहून या मंडळींची बाजू घेतली. (पुढे रस्किनचं लग्न न्यायालयात रद्द झालं आणि त्याची बायको एफी हिनं मिलेशी लग्न केलं. लंडनला ती गोष्ट चित्रांपेक्षा जास्त आवडली, अजूनही आवडते, नाटक-सिनेमे तिच्यावरच निघतात.)

मिले नंतर फार मोठा झाला. सरदारकी मिळाली, १८९६ साली ज्या अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याची टिंगल झाली तिचाच तो अध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी वारला. त्याची नंतरची सगळी चित्रं मी तुम्हाला दाखवणार नाही. बुडबुडे उडवणाऱ्या गोड नातवाचं चित्र पिअर्स साबणाच्या जाहिरातीत गेलं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. सुताराच्या दुकानात जो हट्ट दिसतो तो पुन्हा फारसा दिसला नाही. हट्टापेक्षा यश जास्त चांगलं सांभाळता आलं त्याला.

डिकन्सशी त्याची पुढे मैत्री झाली. डिकन्सची मुलगी केट १८६०च्या ‘द ब्लॅक ब्रन्सविकर’ या चित्रासाठी मिलेसमोर बसली. ९ जून १८७० रोजी डिकन्स वारला, तेव्हा दुसऱ्या दिवशी गॅड्स हिलच्या घरी जाऊन त्याचा मृत चेहरा पेन्सिलीनं रेखाटला तो मिलेनं, आणि मुखवट्याचा साचा घेतला तो थॉमस वूल्नर या शिल्पकारानं. दोघेही त्या मूळच्या सातांतले. तीस वर्षं जगाला चेहरे वाचून दाखवणाऱ्या माणसाचा शेवटचा चेहरा ‘मळकट’ चेहरे रंगवणाऱ्यांच्या हाती आला.

मला जास्त बोलकी वाटते ती होल्मन हंटची पुढची वाट. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं दुकान नासरेथचं नाही हे त्याला खुपत होतं. तो थेट पॅलेस्टाइनला गेला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. १८७० ते १८७३ या काळात त्यानं यरुशलेम आणि बेथलेहेम भागात ‘द शॅडो ऑफ डेथ’ रंगवलं. दिवस मावळताना, करवतीचं काम थांबवून, उघड्या अंगाचा तरुण येशू हात पसरून आळस देतोय, आणि त्याची सावली मागच्या हत्यारांच्या पट्टीवर क्रूसासारखी पडलीय. विषय तोच. सुतारकाम, घाम, पुढच्या मरणाची चाहूल. पण या वेळी गहजब झाला नाही. अॅग्न्यू या दुकानदारानं चित्रासाठी त्या काळात डोळे विस्फारतील एवढी किंमत दिली, त्याची छापील चित्रं उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत कामगारांच्या घरांत लागली, आणि मूळ चित्र आज मँचेस्टरला आहे. तेवीस वर्षांत काय बदललं? मधल्या काळात घाम गाळणारा, दणकट, मर्दानी येशू पुढे आला होता. कामाला नैतिक तेज चढलं होतं. हंटचा येशू दमलाय पण भव्य आहे, त्याच्या छातीवर प्रकाश आहे. मिलेच्या दुकानात भव्य कुणीच नाही. म्हणून मला मिलेचं चित्र जास्त धीट वाटतं, हंटनं कितीही उन्हात उभं राहून रंगवलेलं असलं तरी.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे का? एक धागा आहे, बारीक पण खरा. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला. त्याची बायको अॅलिस आणि प्री-रॅफेलाइट मंडळींच्या दुसऱ्या पिढीतला चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स याची बायको जॉर्जियाना या सख्ख्या बहिणी. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या दारावर मान वर करून पाहिलंत तर किपलिंगची शिल्पपट्टी दिसेल. तिच्यात देवदेवता नाहीत, शेतात राबणारी माणसं आहेत. मंडईत जाताना आपण सहसा पिशवीकडे बघतो, वर बघत नाही.

दुसरा धागा गोव्याचा. १९०२ साली सांत इस्तेव्हला जन्मलेला आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकून परतला आणि मरीयेला लुगडं नेसवून रंगवू लागला. गोव्यातल्या कॅथलिकांना ते रुचलं नाही. तो पुण्याला आला, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला आणि १९६७मध्ये वारेपर्यंत तशीच चित्रं काढत राहिला. त्याच्यावरचे आक्षेप आणि १८५०च्या ‘टाइम्स’चे आक्षेप यांचा रंग वेगळा असला तरी पोत एकच होता. देवाची आई आपल्या आळीतल्या बाईसारखी दिसते, ही तक्रार. लंडनमध्ये ती आळी गुत्त्यांची होती, गोव्यात ती शेजारच्या ‘काळ्या’ बायकांची. आक्षेप घेणाऱ्यांना आपली आळी माहीत होती, म्हणूनच तर ते चिडले.

आता तो डावीकडचा माणूस. सगळ्यांची नावं समीक्षकांनी सांगितली, याला नाव नाही. काहींनी त्याला भावी शिष्यांपैकी एक ठरवलं, म्हणजे त्यालाही चिन्हांच्या रांगेत बसवलं. मला ते गरजेचं वाटत नाही. घरच्या माणसांची धावपळ उडालीय. आई रडतेय, आजी खिळा उपसतेय, बाप जखम पाहतोय, मावसभाऊ पाणी आणतोय. हा कुटुंबातला नाही. तो ओणवून बघतो, पण पुढे येत नाही. मार्कच्या पहिल्याच अध्यायात जब्दीचे मुलगे येशूच्या मागे जातात, तेव्हा बापाला होडीत रोजंदारीच्या माणसांबरोबर सोडून जातात. शुभवर्तमानात मजुरीनं लावलेली माणसं आहेत, त्यांचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही. मिलेचा हा माणूस त्यांच्यातला आहे, असं मी समजतो. तो नसता तर हे पवित्र कुटुंबाचं घरगुती चित्र झालं असतं, तसली शेकडो आहेत. तो आहे म्हणून हे दुकान आहे. इथे दिवसाची मजुरी ठरलेली आहे, मेजावरचं काम पुरं करून गिऱ्हाइकाला द्यायचं आहे, आणि मुलाच्या हाताला पट्टी बांधून झाली की ते पुन्हा सुरू होणार आहे.

माझं बोलणं इथे संपलं. प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवलाय असं संयोजकांनी सांगितलंय. अॅनाबद्दल आणि मरीयेच्या कपाळाबद्दल मी घाईनं बोललो, त्यावर कुणी विचारलं तर मला बरं वाटेल.